दुसरा उकार

सांगलीतल्या एका शाळेत मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. कविता शिकवल्या, अलंकार शिकवले, समास सोडवून घेतले. पण माजी विद्यार्थी रस्त्यात भेटले की त्यांना यातलं काहीही आठवत नाही. आठवतं ते माझं लाल पेन. एक जण आता दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या खुर्चीत मी आ वासून पडलो होतो तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही मला 'आशीर्वाद' वीस वेळा लिहायला लावलं होतंत." त्याच्या हातात काहीतरी टोकदार होतं आणि माझ्या तोंडात कापूस. मी डोळ्यांनीच माफी मागितली.

अशा माणसाची वही ६३व्या वर्षी दुसरंच कुणीतरी तपासू लागलं, त्याची ही हकिगत.

माझा लॅपटॉप २०१५चा. प्रश्नपत्रिका, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे हिशेब, आणि दुपारी हिचा पत्त्यांचा डाव, एवढंच त्याचं काम. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपली. पुढच्या आवृत्तीला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आमचा पाचव्या पिढीतला. हल्ली सोयरीक जमवतानाही कुणी इतक्या पिढ्या मोजत नाही. पण मला राग आला नाही. हातपाय धड असताना, ५८ भरले म्हणून मीही घरी आलोच होतो. मला शाल आणि श्रीफळ मिळालं, लॅपटॉपला नुसता नारळ.

दिवाळीला भाचा आला. तो पुण्यात हिंजवडीला असतो आणि नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. लॅपटॉप उलटापालटा करून बघत तो म्हणाला, "मामा, हा चांगला दहा वर्षं चालेल अजून. लिनक्स घालू या."

मी म्हटलं, "ते तुम्हा लोकांचं असतं."

"तुमच्या खिशात आहे ते," तो म्हणाला. मी खिशात हात घातला. फोन होता. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच असतं म्हणे. जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७च्या अखेरीपासून झाडून सगळे त्यावरच चालतात. मेळाव्याचा हिशेब त्याला झेपेल, असं मग मी धरून चाललो.

त्याने पेनड्राइव्ह लावला आणि पाच मिनिटांत नवा पडदा समोर आला. हार्डडिस्कला अजून हात लावलेला नव्हता. सगळं पेनड्राइव्हवरूनच चाललं होतं. बघा, फिरा, आवडलं तर ठेवा, नाहीतर पेनड्राइव्ह काढा आणि विसरून जा. मुलगी बघायला जावं, पोहे खावेत आणि "कळवतो" म्हणून उठावं, तितकं सोपं. मी विचारलं, "नाव काय हिचं?"

"लिनक्स मिंट. ही आवृत्ती झारा."

२००६पासून मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला 'ए' या अक्षराने संपणारं बाईचं नाव देतात आणि ही नावं साधारण वर्णानुक्रमाने पुढे सरकतात. ॲडापासून सुरुवात झाली. वाटेत माया येऊन गेली, तारा येऊन गेली, २०२१मध्ये उमा आली. ही ताटं मांडता मांडता म्हणाली, "उमा बरी होती की. थोडं आधी करायचं होतंत."

हिची एकच अट होती: पत्ते. भाच्याने सॉफ्टवेअरच्या यादीतून एक खेळ उतरवला. त्यात एकट्याने खेळायचे ऐंशीहून जास्त डाव निघाले. ही खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि खेळू लागली. हिचं स्थलांतर चार मिनिटांत आटोपलं. माझं अजून चालू आहे.

भाचा गेला त्या रात्री मला पहिली अडचण आली. वायफाय गायब. त्याला फोन लावला.

"मामा, स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"काहीतरी इंग्रजीत आहे."

"ते वाचा ना."

मी गप्प झालो. ३१ वर्षं परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरताना मी एकच वाक्य म्हणत आलो: प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा. आणि वीस वर्षं संगणकावर जी चौकट उघडली तिच्यातलं अक्षरही न वाचता 'ओके' दाबत आलो. किती करारांवर अशा सह्या ठोकल्या असतील, देव जाणे. आता वाचलं. साध्या इंग्रजीत होतं. वायफायच्या कार्डाला लागणारा ड्रायव्हर मुळात आलेला नव्हता, तो वेगळा घ्या. वायफायशिवाय वायफायचा ड्रायव्हर आणायचा कसा, हा विहिरीत पडलेल्या दोराचा प्रश्न. तो फोन वायरने जोडून सुटला. ड्रायव्हर मॅनेजरने एका नावापुढे शिफारस केली होती, ती मान्य केली, लॅपटॉप बंद करून चालू केला. वीस मिनिटं. मी त्या आनंदात हिला उठवलं. ते चुकलं.

प्रिंटरचं उलट झालं. त्याची सीडी कपाटात शोधत होतो, तोवर त्याने स्वतःहून ओळख करून घेतली होती आणि चाचणीचं पान बाहेरही आलं होतं. भाच्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "मामा, या सगळ्याची सुरुवातच एका प्रिंटरने झालीये." रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी दुरुस्ती त्यांनी स्वतः केलेली. १९८०च्या सुमाराला नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा. पण त्याच्या प्रोग्रामचं मूळ लिखाण कंपनीने दिलंच नव्हतं. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे ते होतं. स्टॉलमन त्याच्याकडे गेले, तर तो म्हणाला, देणार नाही असं वचन दिलंय. हा प्रसंग ते पुढे जन्मभर सांगत राहिले. १९८३मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: सगळं लिखाण उघडं, कुणीही वाचावं, बदलावं, वाटावं.

मला हे लगेच कळलं, कारण आमच्या मागच्या गल्लीत एक काकू होत्या. त्यांच्या गोड्या मसाल्याची कृती ही दर उन्हाळ्यात मागायची आणि काकू दर उन्हाळ्यात अगदी प्रेमाने सांगायच्या. एक जिन्नस सोडून. कधी दगडफूल गळायचं, कधी नागकेशर. आमची आमटी कधीच त्यांच्यासारखी झाली नाही. स्टॉलमन यांचा परवाना काकूंना मानवला नसता. कृती घ्या, तुमच्या हातचं त्यात काय ते घाला, पण पुढे कुणाला मसाला दिलात तर बदललेली कृतीही त्याला मिळाली पाहिजे. कहाणीतल्या वशासारखं आहे हे. घ्यायला मोकळीक, घेतल्यावर टाकायला नाही.

त्यांना इंग्रजीत एक त्रास मात्र जन्माचा झाला. 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, मुक्त, हे प्रत्येक सभेत समजावत बसावं लागलं. मराठीत हे दोन शब्द पहिल्यापासून वेगळे आहेत, त्यांचा केवढा वेळ वाचला असता! अर्थात मी शेजाऱ्यांना तासभर 'मुक्त' समजावल्यावर त्यांनी विचारलं ते हेच, "म्हणजे फुकट ना?"

टर्मिनल उघडायची मला काही गरज नव्हती. भाच्याने बजावलं होतं, माउसने सगळं होतं, तिकडे जाऊ नका. म्हणून गेलो. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ. वाड्यातल्या अंधाऱ्या खोलीत लहानपणी जायचो तसंच छातीत झालं. एका छापील यादीवरून मी एकेक आज्ञा लिहू लागलो. आमच्याकडे पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं. इथे ती तीन अक्षरं लिहिली की आपण या घडीला कुठल्या फोल्डरात उभे आहोत ते कळतं. पुढची आज्ञा होती, 'व्हू ॲम आय'. चक्क कोऽहम्. लोक त्यासाठी संसार सोडून हिमालयात गेले, म्हणून मी जरा सावरून बसलो आणि एंटर दाबलं. खाली लगेच उत्तर आलं: 'सर'. भाच्याने खातं त्याच नावाने उघडलं होतं.

मग मी डॉक्युमेंट्स या फोल्डरात जायला निघालो. आज्ञा लिहिली, फोल्डरचं नाव लिहिलं. उत्तर: असं फोल्डर नाही. माउसने बघितलं, आहे. पुन्हा लिहिलं. नाही. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोट ठेवून लिहिलं. नाही. समोर दिसतंय आणि हा म्हणतो नाही! मी भाच्याला पडद्याचा फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: "मामा, डी मोठा."

मोठा डी, लहान डी. विंडोजला या फरकाशी कर्तव्य नसायचं. तिथे कसंही लिहा, तो समजून घ्यायचा. लिनक्सला ही दोन वेगळी अक्षरं. मोठ्या 'पी'ची परीक्षा आणि लहान 'पी'ची परीक्षा अशी दोन फोल्डरं एकाच ठिकाणी शेजारी शेजारी सुखाने नांदतात आणि एकीतलं दुसरीत दिसत नाही. मी करूनच बघितलं.

आणि मला माझा आठवी ब आठवला. फळ्यावर मी लिहायचो: दिन आणि दीन. सुत आणि सूत. पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे पाणी. मागच्या बाकावरचा एक मुलगा दर वेळी विचारायचा, "पण सर, कळतंय ना तुम्हाला मला काय म्हणायचंय? मग मार्क का कापता?" प्रश्न अतिशय योग्य होता. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, बाकावर उभं केलं होतं. त्या रात्री साडेअकराला, काळ्या पडद्यासमोर, मी लॅपटॉपला अगदी तेच विचारलं: अरे, कळतंय ना तुला? त्यालाही उत्तर द्यायची गरज वाटली नाही.

चुकीला शिक्षाही आहे. फोल्डरात काय काय आहे ते बघायची आज्ञा 'एलएस'. घाईत ती 'एसएल' अशी लिहिली जाते, माझ्याकडून तर दर चौथ्यांदा. एकदा लॅपटॉपने सांगितलं, 'एसएल' नाही, पण हवी असेल तर अमुक लिहून बसवता येईल. मी बसवली. पुन्हा चुकून तेच लिहिलं आणि बघतो तो पडद्याच्या उजव्या कडेतून वाफेचं इंजिन निघालं! कंस, रेघा, टिंबं अशा टंकाच्या खुणांनी काढलेलं, चाकं फिरताहेत, धुराचे लोट मागे जाताहेत. संथपणे ते डावीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. ते जाईपर्यंत दुसरं काही करता येत नाही. फाटक पडलेलं. जपानमधल्या एका प्रोग्रामरने हे केवळ 'एलएस' चुकणाऱ्यांसाठी लिहून ठेवलंय. मी पुढे तीन-चारदा मुद्दाम चुकलो. वीस वेळा 'आशीर्वाद' लिहायला लावण्याऐवजी हे सुचलं असतं, तर दातांच्या दवाखान्यात मला इतकं घाबरायला लागलं नसतं.

खरी फजिती मराठीने केली. जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या तर एबीसीडीचा नुसता चिवडा. त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेल्या होत्या. तो फाँट गेला आणि अक्षरांनी सोंग उतरवलं. त्यांच्या नादाला मी सध्या लागलो नाही. नवा मजकूर इन्स्क्रिप्टवर टाइप करायला शिकलो. हा कीबोर्ड सरकारनेच ठरवलेला, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आठवडाभरात बोटं वळली. पहिलं महत्त्वाचं काम केलं ते मेळाव्याच्या हिशेबाचं. गटावर टाकला आणि चहा प्यायला बसलो.

पहिला फोन मुंबईहून. "सर, आचार्यांना बारा हजार दिलेत?"

"मग? दीडशे पानं होती."

"पण ते तर म्हणाले, मी मानधन घेत नाही."

"कोण म्हणालं?"

मेळाव्याला पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले होते. दोन तास बोलले, रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत. त्यांना आमच्या हिशेबात बारा हजार रुपये पोचलेले होते, आणि दीडशे माणसांचा स्वयंपाक केला त्यांना काहीच नाही. मला लिहायचं होतं 'आचाऱ्यांना'. तो आडवा, पापणीसारखा र मला कीबोर्डवर सापडला नव्हता, म्हणून साधा रफार देऊन मोकळा झालो होतो. आचारी आणि आचार्य, दऱ्या आणि दर्या. हा फरक मी दर जूनमध्ये शिकवत होतो. दुपारपर्यंत गटावर ४६ जणांनी तो मला समजावून सांगितला. दोघांनी वीस वेळा लिहायला सांगितलं. दातांच्या डॉक्टरने फक्त हसरा चेहरा टाकला, सगळे दात दाखवणारा.

तो र सापडला. शिफ्ट दाबून जे, मग पाय मोडायचा डी, मग य. आता झोपेतही येतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या माणसाचं मला एक आवडलं. लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीला विद्यार्थी होता, २१ वर्षांचा. ऑगस्ट १९९१मध्ये त्याने इतरांना कळवलं की मी एक संगणक प्रणाली लिहितोय, नुसता छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही, तुम्हाला त्यात काय हवं ते सांगा. नाव त्याने 'फ्रीक्स' असं काहीसं योजलं होतं. ज्याच्या सर्व्हरवर ते ठेवलं त्या मित्राने परस्पर 'लिनक्स' हे फोल्डर करून टाकलं. बारशाला आत्याचं कुणी ऐकायचं नाही, असा प्रकार. पुढे उच्चारावरून वाद झाले तेव्हा लिनसने स्वतःच्या आवाजात तो शब्द ध्वनिमुद्रित करून दिला. मी ऐकला. पहिली वेलांटी की दुसरी, तेवढं अजून ठरत नाहीये.

डिसेंबरात मी सगळा लॅपटॉप मराठी करून टाकला. अर्धा झाला. काही मेनू मराठी, काही इंग्रजी, काही अर्ध्या वाक्यात भाषा बदलणारे, लग्नातल्या पाहुण्यांसारखे. पासवर्ड एके ठिकाणी 'परवलीचा शब्द' झालेला दिसला आणि किल्ल्याच्या दाराशी मावळ्याने भाला आडवा धरल्यासारखं वाटलं. असंच एकदा काहीतरी उतरवत होतो. काम संपलं आणि एका छोट्या प्रोग्रामने कोपऱ्यात चौकट दाखवली:

'डाउनलोड पुर्ण झाले.'

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात पेन नव्हतं, पाच वर्षं झाली. पु पहिला! इतकी मोठमोठी माणसं, महासंगणक चालवतात, आणि पूर्णाचा पू पहिला! मी भाच्याला फोन केला आणि जेवढं बोलायचं तेवढं बोललो. त्याने ऐकून घेतलं.

"झालं? मग सुधारा."

"कोणी?"

"तुम्ही. मामा, उघडं आहे ते. कुणीतरी तुमच्यासारख्याच माणसाने रात्री जेवण झाल्यावर बसून मराठी केलंय. चुकलंय त्याचं. तुम्ही करा दुरुस्त."

हे मला सुचलंच नव्हतं. वीस वर्षांत संगणकावर चुका खूप दिसल्या, मराठीतल्याही. त्या नळाला गढूळ पाणी यावं तशा यायच्या. चिडायचं आणि वापरायचं. दुरुस्त करायला आपण बसायचं, ही शक्यताच डोक्यात नव्हती.

भाच्याने खातं उघडून दिलं. भाषांतरं जिथे जमा होतात तिथे त्या प्रोग्रामच्या ओळींची लांबलचक यादी होती. प्रत्येक ओळीत वर मूळ इंग्रजी, त्याखाली आत्ताचं मराठी, आणि त्याखाली नव्या सूचनेसाठी एक रिकामी चौकट. 'पुर्ण'ची ओळ सापडायला पाऊण तास लागला. चौकटीत मी हळूहळू टाइप केलं: डाउनलोड पूर्ण झाले. पुन्हा वाचलं. हिला दाखवलं. हिने पत्त्यांवरून नजर न काढता विचारलं, "काय वेगळंय?"

"दुसरा उकार."

"बरं," ही म्हणाली आणि राजावर राणी ठेवली.

बटण दाबलं. मला वाटलं होतं शब्द तिथल्या तिथे बदलेल. तसं होत नाही. सूचना नोंदली गेली, मराठीचं काम बघणारं कुणीतरी ती तपासेल, पटली तर घेईल. मग पुढची आवृत्ती येईल तेव्हा ती लोकांपर्यंत जाईल. तोवर तिच्यापुढे एवढंच, की तपासणी बाकी.

माझ्या टेबलावर वह्यांचे गठ्ठे असायचे. वह्या दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरं शिक्षकखोलीच्या दारात घुटमळायची. सर, झाल्या का तपासून? मी मान वर न करता सांगायचो, होतील, घाई कसली आहे. तीन-तीन आठवडे गठ्ठा तसाच पडलेला असायचा. वर पेपरवेट.

आता रोज सकाळी दूध तापेपर्यंत मी लॅपटॉप उघडून बघतो. तीन आठवडे झाले. तपासणी बाकी. पलीकडे कोण आहे ते माहीत नाही. नोकरी करत असेल, लोकलमधून घरी येत असेल, पोरांचा अभ्यास घेत असेल, आणि कधीतरी रात्री हा गठ्ठा पुढे ओढत असेल. तगादा लावावा असं एकदा मनात आलं होतं, पण मजकूर लिहून मी तो खोडून टाकला.

काल पुन्हा त्या यादीत शिरलो, तर 'पुर्ण'च्या चार ओळी खाली 'माहीती' दिसलं. दूध उतू गेलं, पण तेवढं लिहून पाठवलं.